दोन पायल्यांना शेर कमी

बाटलीत तरंगणारा तूस सात मिलिमीटर लांब होता. मधोमध उभा उकललेला, एका टोकाला केसाएवढं कूस, रंग ओल्या वाळूचा. बाटली मी आदल्या दिवशी उकळत्या पाण्यातून काढून झाकून ठेवली होती, आणि झऱ्याच्या अगदी तोंडाशी, पाणी कातळातून जिथे बाहेर पडतं तिथेच धरली होती. उघड्यावर त्या पाण्याचा प्रवास चार बोटंसुद्धा झालेला नव्हता. वर सरळ उभा जांभ्याचा कडा. त्याच्या पोटात भाताचा तूस असण्याचं काही कारण नव्हतं.

मी ते पाणी ओतून दिलं आणि दुसरी बाटली धरली. तिच्यात तीन तूस आले. लेबलवर मी 'दूषित' असं लिहिलं, तारीख घातली, वेळ घातली. दहा वाजून पाच मिनिटं.

झऱ्यापासून वीसेक पावलांवर एक कौलारू घर होतं. मी आले तेव्हापासून तिथून जात्याची घरघर येत होती. तिकडे वळून मी जरा मोठ्यानं विचारलं, "इथे जवळपास कुणी भात कांडतंय का? पाण्यात तूस येतायत."

ओटीवरची म्हातारी उठली. काठी न घेता पायऱ्या उतरून माझ्यापाशी आली, हातातली बाटली काढून घेतली आणि उन्हाकडे धरून पाहिली. मग घराकडे तोंड करून म्हणाली, "थांबा गो. आला."

घरघर थांबली.

"काय आलं?" मी विचारलं.

"तूस. सकाळधरनं वाट बगतोय त्येची."

तिचं नाव गुणाबाई गोताड. वाडीत सगळे तिला गुणाबाय म्हणत. मी दर खेपेला मातीच्या पिशव्या घेऊन तिच्या अंगणावरून जायची, म्हणून तिनं माझं नाव मातीवाली ठेवलं होतं. जात्यावरच्या दोघी घाम पुसत बाहेर आल्या. एकीनं सुपात उरलेली नाचणी शेराच्या मापात ओतली, वरून हात फिरवून सपाट केली आणि गुणाबायला दाखवली.

"शेर ऱ्हायली."

"म्हंजे दोन पायल्यांना शेर कमी," गुणाबाय म्हणाली. "बरा हाय. चैतापरंत घोर न्हाय."

मला काही कळलं नाही, हे तिला माझ्या तोंडावर दिसलं असावं. ती ओटीपुढच्या दगडी पाथरीवर बसली आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगू लागली. नवं, म्हणजे नव्या भाताचा पहिला घास, झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीतली एक बाई सड्यावर जाते. नव्या भाताचा तूस पदरात घेऊन. वर कातळात एक भोक आहे, त्यात ती तूस सोडते, मागोमाग दोन हंडे पाणी ओतते आणि थाळी वाजवते. थाळी ऐकू आली की इथे खाली दोघी जणी दळायला बसतात. तूस झऱ्यातून बाहेर आला की थांबतात. मग दोन पायल्यांतलं, म्हणजे आठ शेरांतलं, किती दळून झालं ते मोजायचं.

"पीठ थोडा तर पानी मोप," ती म्हणाली. "पीठ मोप तर पानी थोडा. समाजला?"

सकाळी मी सड्यावरून खाली उतरत असताना कुठूनतरी थाळी वाजल्याचा आवाज आला होता. कुणाकडे पूजा असेल असं वाटलं होतं. मी घड्याळात पाहिलं नव्हतं. तीस वर्षं जिनं जमिनीत पाणी किती वेगानं उतरतं हेच मोजलं, तिनं त्या एका सकाळी घड्याळात पाहिलं नव्हतं.

"ते भोक कुठे आहे?" मी विचारलं.

"तुमच्याच जागेत. आमी त्येला घोट म्हनतो."

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा माझ्या निवृत्तीला चार महिने राहिले होते. आम्ही सात जण होतो, सगळे पन्नाशी-साठीतले, कुणी एकटे तर कुणी एकटे पडलेले, आणि आम्ही ठरवलं होतं की प्रत्येकी एका खोलीची सात लहान घरं बांधायची, स्वयंपाकघर मधोमध एकच ठेवायचं आणि म्हातारपण एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर काढायचं. जमीन रेहाना मुकादमच्या वडिलांची होती. अकरा एकर सडा, म्हणजे माथ्यावरचा सपाट जांभा कातळ, ज्यात पावसाळ्याखेरीज काही उगवत नाही. रेहाना माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, रत्नागिरीत शाळेची मुख्याध्यापिका होती. नकाशा हेरंब साठ्ये यांनी काढला होता. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. कुठे काय बांधायचं हे मातीचे आणि पाण्याचे निकष लावून सांगायचं काम माझं होतं.

ते मी दोन वर्षं करत होते. सहा जणांनी आपापल्या घराच्या जागा केव्हाच निवडल्या होत्या. सातवी खुंटी कुठे ठोकायची हे मी सांगत नव्हते. कुणी विचारलं की मी म्हणायची, पुढच्या मोजणीनंतर सांगते. हेरंबनी त्याची म्हणच करून टाकली होती. एखादं काम होणार नसलं की ते म्हणत, "हे उल्काताईंच्या पुढच्या मोजणीनंतर."

खरं तर मोजायचं काही उरलं नव्हतं. एकोणतीस वर्षं मी क्वार्टरमध्ये राहिले होते. घर म्हणजे बदलीचा कागद येईपर्यंतची जागा, भिंतीला खिळा ठोकायचा नाही, अशी सवय लागली होती. येते म्हणायला जीभ रेटत नव्हती आणि येत नाही म्हणायलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता गवंडी येऊन फक्कीनं रेषा आखणार होता.

मी गुणाबायला म्हटलं, "मला तो घोट दाखवा."

"चल. सुगंधा अजून वरच आसल."

ती सत्तरीच्या पुढची होती आणि चढावर माझ्यापुढे चालत होती. मध्ये दोनदा थांबली, तीही माझ्यासाठी. वाटेत सांगत होती की पूर्वी वर धनगराचं घर होतं. तेव्हा खालून कुणी चढायचं नाही. धनगरीणच तूस सोडायची आणि थाळी वाजवायची. तिला वरची बाय म्हणत. तिच्या घरी नव्याची पहिली भाकरी खालून जायची. धनगर गेले, घर पडलं, आणि तेव्हापासून सुनेला पहाटे चढावं लागतं.

"त्या घराचं जोतं मी पाह्यलंय," मी म्हटलं. "पश्चिमेच्या कडेला."

"त्योच. येवडा मोठा सडा सोडून त्ये बेना कडेला जाऊन ऱ्हायला. का, त्ये आता बग."

वर पोचलो तेव्हा सुगंधा, गुणाबायची सून, थाळी उशाला घेऊन कातळावर आडवी झाली होती. तिच्या पायाशी दोन रिकामे हंडे. त्यांच्यापलीकडे कारवीच्या झुडपाखाली ते भोक होतं. वितीपेक्षा थोडं मोठं, कडा गुळगुळीत. कडेला ओले तूस चिकटलेले.

मला ते भोक चांगलं माहीत होतं. माझ्या नकाशावर त्याला क्रमांक होता, सतरा. शेजारी माझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'साळिंदराचं बीळ, निकामी'. पहिल्या हिवाळ्यात तिथे पालापाचोळा भरलेला होता आणि जवळ साळिंदराचा एक काटा पडला होता. तेवढ्यावरून मी ते ठरवलं होतं. दोन वर्षांत मी त्या सड्यावर अकरा वेळा गेले. पावसाळ्यात रस्ता बंद असायचा, म्हणून एकदाही पावसाळ्यात नाही.

भोकापासून सहा पावलांवर हेरंबनी लाल कापड बांधलेली काठी रोवली होती. तिथे शोषखड्डा होणार होता. सातही घरांच्या संडासांचं आणि स्वयंपाकघराचं पाणी त्यात जाणार होतं. ती जागा मी निवडली होती. तिथे खड्डा खणून पाणी भरलं होतं, ते अकरा मिनिटांत मुरलं होतं. सबंध अकरा एकरांत इतक्या वेगानं पाणी कुठेच मुरत नव्हतं. अहवालात मी लिहिलं होतं, 'शोषण अत्युत्तम'.

"वाक की," गुणाबाय म्हणाली. "कान लाव."

मी गुडघ्यांवर बसले, मग पोटावर झोपले आणि भोकाला कान लावला. आधी नुसता गार वारा लागला. कातळ उन्हानं तापलेला होता आणि त्या भोकातून येणारी हवा गार होती. मग श्वास रोखून धरला तेव्हा खाली, फार खाली, पाणी चालल्याचा आवाज आला. खळखळ नव्हे. अनेक माणसं अनवाणी, न बोलता एका दिशेनं चालली आहेत असा. मी किती वेळ तशी पडून होते ते मला सांगता येणार नाही. तेव्हाही मी घड्याळात पाहिलं नाही.

उठले तेव्हा गालाला तूस चिकटला होता. सुगंधानं तो काढला आणि हसली.

"मामी, हिचा बी घोटाला इचारून झाला वाटतं."

"ही लाल काठी कसली?" गुणाबायनं विचारलं.

मी सांगितलं. दुसरं काय करणार होते. तिनं काठीकडे पाहिलं, घोटाकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती काठीशेजारी बसली आणि म्हणाली, "माजा म्हायेर त्या पल्याडच्या सड्याखाली. तिकडं बी घोट होता. वर चिऱ्याची खान काडली. पयल्या साली दळायला बसलो ते दिस मावळला तरी दळतोय. दुसऱ्या दिशी बी दळला. चार पायल्या, पाच पायल्या. तूस काय आला न्हाय. त्या पिठाच्या भाकऱ्या कुनी खाल्ल्या न्हाईत. गुरांना घातला."

दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये हेरंब आणि रेहाना बसले होते. हेरंब उद्याच्या आखणीसाठी दोरीची गुंडाळी सोडवत होते. मी बाटली टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं, नकाशावरच्या सतरा क्रमांकासकट.

हेरंबनी बाटली उचलून पाहिली. "वाऱ्यानं उडून आला असेल," ते म्हणाले. "भाताचे दिवस आहेत. वाडीत सगळीकडे तूस आहे."

"असेल."

"तुम्ही एका तुसावर सबंध आखणी बदलायला सांगताय?"

"चार. आणि मी अजून काही सांगत नाहीये. उद्या सकाळी पुन्हा करून पाहू. तुम्ही वर, मी खाली."

"म्हणजे पुढची मोजणी," रेहाना म्हणाली.

"हो."

"उल्का, माझ्या अब्बांची जमीन आहे. मी लहानपणी एकदाच आले होते इथे. ते या कातळाचा चिरा काढायला कुणाला देत नसत. आम्ही म्हणायचो, अब्बा, या दगडावर बसून काय अंडी उबवणार आहात?" ती बाटली हातात घेऊन फिरवत होती. "कारण कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही."

संध्याकाळी मी पुन्हा खाली गेले आणि गुणाबायला उद्या एकदा तूस सोडू का म्हणून विचारलं. नव्याचा एकदाच सोडतात, ती म्हणाली. "नव्याचा इचारायला. जुन्याचा बगायचा आसल तर बग. त्येला काय बंदी न्हाय."

आजचे तूस उद्याही पाण्यातून येत राहणार, ते आणि उद्याचे वेगळे कसे ओळखायचे हा प्रश्न होता. मी जुन्या भाताचा तूस तिच्याच चुलीवर, तिच्याच तव्यावर भाजून काळा केला. घरभर धूर झाला. गुणाबाय खोकत म्हणाली, "मातीवाली आता तूस भाजून खाया लागली."

सकाळी सात वाजता मी जात्यापाशी बसले. घड्याळ काढून समोर ठेवलं. हेरंबचं घड्याळ आदल्या दिवशीच माझ्याशी जुळवून घेतलं होतं. रेहाना झऱ्याच्या तोंडाशी गाळणी धरून बसली, चहाची मोठी गाळणी. वर हेरंब, सुगंधा आणि आखणीसाठी लवकरच आलेला गवंडी.

सात वाजून बारा मिनिटांनी थाळी वाजली.

"धर खुंटा," गुणाबाय म्हणाली.

"तुम्ही दुसऱ्या कुणाला..."

"धर. बगायचा हाय ना तुला."

मी कधी दळलं नव्हतं. पहिली दहा मिनिटं जातं मला ओढत होतं, मी जात्याला नाही. गुणाबाय समोर बसून एका हातानं खुंटा फिरवत होती आणि दुसऱ्यानं मूठमूठ नाचणी सोडत होती. जात्याच्या पाळीच्या कडेनं पीठ खाली पडत होतं, राखाडी-तांबूस, बारीक. अर्ध्या तासानं हात लयीत आला. मग माझं लक्ष घड्याळावरून उडालं.

मला समोरचं पीठ दिसत होतं आणि वरचा सत्तर मीटर कातळ दिसत होता. त्या कातळात, जिथे मी दोन वर्षं वरून टिचक्या मारून पाहिल्या होत्या, आत्ता या क्षणी मूठभर काळे तूस अंधारात चालले होते. कुठे वळत होते, कुठे थोडे थांबत होते. जात्याचा एक फेरा म्हणजे त्यांचं एक पाऊल. पाळीखालचा ढीग वाढत होता तेवढे ते जवळ येत होते. पाणी डोळ्यांना दिसत नाही म्हणून आम्ही प्रयोगशाळेत रंग घालतो, मीठ घालतो, यंत्रं लावतो. इथे बायकांनी न दिसणाऱ्या वाटेचं पीठ करून ठेवलं होतं. हातात घेता येईल, मापात भरता येईल, भाजून खाता येईल असं. आणि हे त्या कधीपासून करत होत्या?

"गुणाबाय, हे कुणी सुरू केलं?"

"माज्या सासूच्या सासूला तिच्या सासूनं सांगितला. त्याच्या म्होरं मना म्हायती न्हाय." तिनं मूठ सोडली. "बोलू नको. बोलली की हात हळू व्हतो. पानी थांबत न्हाय तुज्यासाटी."

पहिली पायली संपली. दुसरीतला एक शेर संपला. माझे दोन्ही तळहात सोलवटले होते. दुसरा शेर संपला. रेहाना झऱ्यावरून काही बोलत नव्हती. मला हेरंबचं वाक्य आठवत होतं, वाऱ्यानं आला असेल, आणि मला लाज वाटली, कारण क्षणभर मी मनातून ते खरं असावं असं म्हणत होते. ते खरं असतं तर आठच्या जागी दहाला फक्की पडली असती, बाकी सगळं तसंच राहिलं असतं, आणि मला पुढची मोजणी मिळाली असती.

तिसरा शेर संपत आला तेव्हा गुणाबायनं सूप बाजूला केलं आणि कान टवकारले.

"उल्का," रेहाना म्हणाली. मोठ्यानं नाही. "ये इकडे."

गाळणीच्या जाळीवर तीन तूस होते. काळे. माझ्या डोळ्यांदेखत चौथा आला, आधी टोकावरचं कूस, मग सबंध, आणि जाळीला आडवा होऊन थांबला. कड्यातून पाणी जसं नेहमी येत होतं तसंच येत होतं, त्यात काही फरक नव्हता. रेहानाच्या डोळ्यांत पाणी होतं. ती म्हणाली, "अब्बांना ठाऊक होतं."

"तर," मागून गुणाबाय म्हणाली. "मुकादमांनी कवा अडवला न्हाय. एकदा सोता आलेले बगायला. भाकर खाल्ली नि गेले."

घड्याळात नऊ वाजून चौतीस मिनिटं झाली होती. दोन तास बावीस मिनिटं. सुपात उरलेली नाचणी मापात भरली तर शेराच्या वर थोडी निघाली.

"ती ह्या बायच्या हाताची," गुणाबाय म्हणाली. "ती सोडून दे. कालचाच हाय. दोन पायल्यांना शेर कमी."

मी बाटलीवरचं कालचं लेबल नखानं काढलं. पाणी दूषित नव्हतं. ते व्हायचं बाकी होतं, आणि त्याला दोन तास बावीस मिनिटं लागली असती.

हेरंब खाली आले तेव्हा दहा वाजून गेले होते. त्यांनी गाळणी हातात घेतली, काळे तूस बोटानं वेगळे केले, एक एक करून मोजले आणि ओटीच्या पायरीवर बसले. चांगल्या अभियंत्याला पुरावा दोनदा द्यावा लागत नाही.

"मी दोन वर्षांपूर्वी सगळं चुकीचं मोजलं," मी म्हटलं.

"मोजलं बरोबर," ते म्हणाले. "मुरणं चांगलं असं आपण समजलो."

मग त्यांनी खिशातून नकाशा काढून पाथरीवर पसरला. मध्याचा सगळा भाग घोटाकडे उतरतो. तो सोडायचा, तिथे कुदळसुद्धा लावायची नाही. उरते पश्चिमेची कडा, धनगराच्या जोत्याची. तिचं पाणी पलीकडच्या ओढ्याला जातं, तिकडे खाली खाडीपर्यंत वस्ती नाही.

"पण त्या पट्टीवर तुम्हीच नापास लिहिलंय," हेरंब म्हणाले.

"पाणी मुरत नाही म्हणून. आता आपल्याला तेच हवंय. सांडपाण्याला मातीचा वाफा वर बांधून घेऊ, कर्दळ लावू. जमिनीत काही सोडायचं नाही."

त्यांनी त्या पट्टीवर मोजपट्टी ठेवली. रुंदी कमी होती. पेन्सिलीनं एक एक चौकोन काढत गेले. सहा चौकोन सुटे बसले, मध्ये चार-चार फुटांची बोळ ठेवून. सहाव्यानंतर ते थांबले.

"सहा असतील तर अशी," ते म्हणाले. त्यांनी ते पुसलं आणि पुन्हा काढलं. यावेळी चौकोन एकमेकांना चिकटले. "आणि सात असतील तर अशी. भिंतीला भिंत."

"चाळ झाली की," रेहाना म्हणाली.

"चाळच. अकरा एकर घेऊन." ते कसनुसे हसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "गवंडी वर बसलाय. बाकीचे चौघं दुपारी येतायत, त्यांना विचारीनच. पण टोक कुठे संपतं ते कळल्याशिवाय पहिली रेषा मारता येत नाही. तुमच्यावर जोर नाही, उल्काताई."

खरोखरच नव्हता. सहा म्हटलं असतं तर कुणी अडवलं नसतं. उलट प्रत्येकाच्या घराला चारी बाजूंनी वारा मिळाला असता, आणि मला ते सोडून जाण्याला चांगुलपणाचं नाव देता आलं असतं. शब्द तयारच होते.

"मी पागेतल्या, एकाला एक लागून असलेल्या खोल्यांत वाढलेय," रेहाना म्हणाली. तीही माझ्याकडे बघत नव्हती, गाळणी धूत होती. "पलीकडे कुणीतरी खोकल्याशिवाय मला झोप लागत नाही. तू घोरलीस तर भिंत ठोकीन, एवढंच."

सुगंधा वरून हंडे घेऊन उतरली होती. तिनं ते पालथे ठेवले आणि गुडघे चोळत बसली. "मामी, पुढल्या नव्याला माज्यानं न्हाय व्हायचा हां. दोन दिस लागोपाठ चढले, पाय बगा कसे झाले."

"मंग थाळी कोन वाजवनार?" गुणाबाय म्हणाली. ती जात्याभोवतीचं पीठ कुंच्यानं गोळा करत होती, कण न कण. "वर घर होतं तवा वरच्या बायला सांगावा लागत न्हवता. नव्याच्या दिशी तिचा तिलाच ठावा." तिनं पीठ परातीत ओतलं, पाण्याचा तांब्या ओढला आणि मळायला लागली. मग मान वर करून सरळ मला विचारलं, "काय गो मातीवाले. तुजा घर कंचा?"

मी नकाशाकडे पाहिलं. पेन्सिलीचा सातवा चौकोन जोत्याच्या दगडांवर बरोबर बसत होता. तिथून घोटापर्यंत दीडशे पावलं. ती मी मोजली नव्हती, पण मला ठाऊक होती.

"सात धरा, हेरंब," मी म्हटलं. "टोकाचं माझं. थाळी मी वाजवीन."